आजोबा नक्की कोण होते: राजदूत, मिनिस्टर की चार्ज द अफेअर्स?

पत्र: आमचं घर दांडिया बाजारात. आजोबांचा जन्म १९१५ चा. ते बडोदे संस्थानच्या हुजूर पोलिटिकल ऑफिसात नोकरीला होते. १९४८ मध्ये दिल्लीला परराष्ट्र खात्यात गेले आणि १९७३ मध्ये निवृत्त झाले. घरात ऐकत आलो ते असं: १९५० मध्ये ते इंडोनेशियात राजदूत होते, मग स्वित्झर्लंडला ‘मिनिस्टर’, व्हॅटिकनलाही राजदूत (पोपबरोबरचा फोटो आहे), आणि शेवटी आफ्रिकेतल्या दोन देशांत उच्चायुक्त. माळ्यावर त्यांची पत्र्याची ट्रंक आहे. तिच्यात पत्रं, पातळ कागदावरच्या टाइप केलेल्या प्रती, तीन पासपोर्ट आणि काळ्या पानांचे दोन अल्बम आहेत. काही कागदांवर ‘सीक्रेट’ असा शिक्का आहे. त्यांच्या कारकिर्दीवर छोटं पुस्तक करायचं मनात आहे. अमेरिकेतला आतेभाऊ म्हणतो, ट्रंक मी घेऊन जातो, तिकडे नीट स्कॅन करून ठेवतो. आत्या ८४ वर्षांच्या आहेत, लहानपणी त्या आजोबांबरोबर परदेशात होत्या. सुरुवात कुठून करू?
– एक नात, बडोदे

उत्तर: सगळ्यात आधी आतेभावाला थांबवा. ट्रंक देशाबाहेर जाता कामा नये. त्यामागचं कायद्याचं कारण पुढे येईलच.

आता घरातल्या आठवणींकडे. त्यातलं किती टिकेल याचा अंदाज कागद न उघडताही बांधता येतो. १९५० मध्ये जकार्तात भारताचे राजदूत डॉ. पी. सुब्बरायन होते. तुमचे आजोबा तेव्हा ३५ वर्षांचे आणि परराष्ट्र खात्यात जेमतेम दोन वर्षं मुरलेले. म्हणजे ते तिथे दुसरे किंवा पहिले सचिव असणार. पण म्हणून घरची गोष्ट खोटी ठरत नाही. राजदूत रजेवर किंवा सल्लामसलतीसाठी दिल्लीला गेला की वकिलातीतला ज्येष्ठ अधिकारी हंगामी ‘चार्ज द अफेअर्स’ होतो. समारंभाला तो जातो, यजमान देशाच्या परराष्ट्र खात्याला जाणारी पत्रं त्याच्या सहीनं जातात, वर्तमानपत्रात फोटो त्याचा छापून येतो. घरच्यांच्या लेखी तो राजदूतच. माणसं कमी आणि वकिलाती नव्या असल्यामुळे त्या काळात अशी वेळ कनिष्ठ अधिकाऱ्यावरही येत असे. आजोबांवर ती आली होती का, आली असेल तर कोणत्या आठवड्यांत, हे सापडलं तर पुस्तकातलं ते सर्वांत जिवंत प्रकरण होईल. इंडोनेशियाकडे सार्वभौमत्व आलं २७ डिसेंबर १९४९ ला, भारताशी मैत्री करार झाला ३ मार्च १९५१ ला. या दोन तारखांच्या मधली वकिलात म्हणजे टेबल-खुर्च्यांपासून सगळी जमवाजमव.

‘मिनिस्टर’ या हुद्द्यानं बरीच घरं फसतात. त्याचा मंत्रिपदाशी काही संबंध नाही. त्या वर्षांत भारताच्या सगळ्या वकिलाती ‘एम्बसी’ दर्जाच्या नव्हत्या; काही ‘लिगेशन’ होत्या आणि लिगेशनच्या प्रमुखाला मिनिस्टर म्हणत. बर्नला १९४८ मध्ये धीरूभाई देसाई गेले ते याच हुद्द्यानं. मोठ्या एम्बसीत राजदूताच्या खालच्या क्रमांकाच्या अधिकाऱ्यालाही मिनिस्टर म्हणतात, म्हणजे एकाच हुद्द्याच्या दोन अगदी वेगळ्या पायऱ्या झाल्या. आजोबा कुठल्या पायरीवर होते, की काउन्सेलर (मिनिस्टरच्या खालचा हुद्दा) होते, हे नेमणुकीच्या कागदाशिवाय लिहू नका.

व्हॅटिकनचं कोडं त्यामानानं सोपं आहे. बर्नमधल्या भारतीय प्रतिनिधीकडेच व्हॅटिकनचंही काम सोपवण्याची पद्धत जुनी आहे. प्रमुख रोमला परिचयपत्रं (आपल्या राष्ट्रप्रमुखानं दिलेली नेमणुकीची पत्रं) सादर करायला जातो तेव्हा वकिलातीतले एक-दोन अधिकारी सोबत असतात आणि पोपबरोबर सगळ्यांचा फोटो निघतो. फोटो कधीचा हे चेहऱ्यावरूनच कळेल: किडकिडीत, चष्मेवाले पोप असतील तर ते बारावे पायस, म्हणजे फोटो ऑक्टोबर १९५८ च्या आधीचा. गोल, स्थूल चेहऱ्याचे असतील तर तेविसावे जॉन, म्हणजे १९५८ चा शेवट ते १९६३.

आफ्रिकेतली उच्चायुक्तपदं मात्र खरीच असण्याची शक्यता दाट आहे. वय आणि ज्येष्ठता दोन्ही जुळतात. राष्ट्रकुलातल्या देशात राजदूताऐवजी उच्चायुक्त असतो, दर्जा तोच. बडोद्याचे दिवाण राहिलेले डॉ. जीवराज मेहता १९६३ ते १९६६ लंडनला उच्चायुक्त होते. फरक इतकाच की ती राजकीय नेमणूक होती, आजोबांची नोकरीतल्या बढतीनं आलेली. एवढं मात्र तपासा, की नेमणूक झाली तेव्हा तो देश स्वतंत्र झाला होता का. वसाहतीत दुसऱ्या देशाचा राजदूत नसतो. औंधचे आप्पासाहेब पंत १९४८ मध्ये नैरोबीला गेले ते ‘कमिशनर’ म्हणून, कारण केनिया तेव्हा ब्रिटिशांकडे होता आणि स्वतंत्र झाला डिसेंबर १९६३ मध्ये.

आता कामाला लागा. पुस्तकाचं पहिलं पान लिहिण्याआधी तारखांचा तक्ता करा. रकाने पाच: ठिकाण, हुद्दा, रुजू झाल्याची तारीख, कार्यमुक्त झाल्याची तारीख, आणि ही माहिती कोणत्या कागदावरून घेतली. पाचवा रकाना रिकामा असेल त्या ओळीवर पेन्सिलनं प्रश्नचिन्ह. निम्मा तक्ता ट्रंकेतूनच भरेल. पासपोर्टवरचे व्हिसा आणि बंदरांचे शिक्के बघा. ‘चार्ज रिपोर्ट’ नावाचा छोटा कागद शोधा. पदभार घेतला-दिला त्याची तारीख त्यावर असते, शिवाय पूर्वाह्न की अपराह्न हेही असतं. शेवटच्या पगाराचं प्रमाणपत्र आणि पेन्शनचा आदेश मिळाला तर सेवेचा एकूण काळ कळतो. आत्यांचे शाळा सोडल्याचे दाखले विसरू नका. बदली कधी झाली हे मुलांच्या दाखल्यांवरून हमखास कळतं आणि ते कागद बहुतेक घरांनी जपलेले असतात.

१९४८ च्या नोंदीवर थोडा जास्त वेळ द्या. परराष्ट्र सेवा स्थापन झाली ९ ऑक्टोबर १९४६ ला, आणि स्पर्धा परीक्षेतून पहिली तुकडी निवडली गेली १९४८ मध्ये. त्याआधी आणि त्या सुमारास बरीच भरती निवडीनं झाली: आयसीएसमधले, संस्थानांशी व्यवहार बघणाऱ्या जुन्या ब्रिटिश पोलिटिकल सर्व्हिसमधले, युद्धकाळातले लष्करी अधिकारी, संस्थानी नोकरीतले, काही प्राध्यापकही. आजोबा यातल्या कोणत्या दारानं आत गेले? शिवाय परदेशी वकिलातीत काम करणारा प्रत्येक जण परराष्ट्र सेवेचा असतो असं नाही; व्यापार, माहिती, संरक्षण या खात्यांचेही लोक तिथे असतात. १९५६ मध्ये सेवेची ‘शाखा ब’ (कार्यालयीन आणि साहाय्यक पदांची) वेगळी झाली, तेव्हा जुन्या लोकांची वर्गवारी पुन्हा झाली. तो आदेश ट्रंकेत असेल तर सोन्याहून मोलाचा. आणि बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं १ मे १९४९ ला. १९४८ मध्ये गेलेल्या माणसानं संस्थानचा राजीनामा दिला होता की तो उसना गेला होता, संस्थानी वर्षं पेन्शनला धरली गेली की नाही, याचा पत्रव्यवहार असायलाच हवा. एवढ्या एका मुद्द्यावर भल्याभल्यांनी वर्षानुवर्षं अर्ज केले असतील.

संस्थानी काळासाठी दिल्लीला जायची गरज नाही. बडोद्यातच, कोठी भागातल्या अभिलेखागारात बडोदे राज्याची दफ्तरं आहेत, त्यात हुजूर पोलिटिकल ऑफिसच्या फायलीही. संस्थानच्या ‘आज्ञापत्रिके’त नेमणुका, बढत्या, रजा छापून येत, शेवटच्या दशकांतली भाषा मुख्यतः गुजराती. सयाजीराव विद्यापीठाच्या हंसा मेहता लायब्ररीत आणि मांडवीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात तिचे खंड आणि भारताच्या राजपत्राचे जुने अंक यांची चौकशी करा. राजपत्र मागताना नुसतं ‘गॅझेट’ म्हणू नका, ‘भाग १, विभाग २’ म्हणा. अधिकाऱ्यांच्या नेमणुका, बढत्या, रजा तिथे असतात. बाकीच्या भागांत शोधणं म्हणजे दिवस वाया.

छापील साधनांपैकी परराष्ट्र मंत्रालयाचे वार्षिक अहवाल १९४८-४९ पासून मंत्रालयाच्या ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर आहेत. त्यांत कोणती वकिलात कधी उघडली, दर्जा कधी वाढला, हे मिळतं; कनिष्ठ अधिकाऱ्यांची नावं क्वचित. १९५५ पासून ‘फॉरेन अफेअर्स रेकॉर्ड’ हे मासिक निघू लागलं. भाषणं, करार, संयुक्त निवेदनं त्यात आहेत. यजमान देशही आपल्याकडच्या परकीय अधिकाऱ्यांची ‘डिप्लोमॅटिक लिस्ट’ छापतो, हुद्द्यासकट आणि बहुतेकदा पत्नीच्या नावासकट. बर्नसाठी तुमचं नशीब चांगलं आहे: स्विस परराष्ट्र धोरणाच्या कागदपत्रांचा ‘डोडिस’ हा विनामूल्य ऑनलाइन संग्रह आहे आणि त्यात व्यक्तीच्या नावानं शोध घेता येतो. राजपत्रातला हुद्दा आणि यजमान देशाच्या यादीतला हुद्दा जुळला नाही तर गोंधळू नका. पगाराची श्रेणी एक आणि त्या शहरापुरता दिलेला हुद्दा वरचा, असं होत असे. तक्त्यात दोन्ही लिहा.

मग दिल्ली. जनपथवरच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जाण्याआधी त्यांच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर घरबसल्या शोध घ्या. बहुतेक लोक इथेच निराश होऊन परततात, कारण ते आजोबांचं नाव टाकतात. फाइलच्या शीर्षकात अधिकाऱ्याचं नाव फार कमी वेळा असतं. तिथे असतं ठिकाण, विषय आणि वर्ष. म्हणून ‘जकार्ताचे राजकीय अहवाल’, ‘बर्न लिगेशनमधले कर्मचारी’, ‘परिचयपत्रं सादर करणे’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द टाका, आणि स्पेलिंग त्या काळचं टाका. जकार्ता १९७२ पर्यंत ‘डी-जे’नं लिहिलं जाई, बर्नच्या शेवटी ‘ई’ असे, श्रीलंका म्हणजे सिलोन, घाना १९५७ पूर्वी गोल्ड कोस्ट. वकिलाती दिल्लीला नियमित राजकीय अहवाल पाठवत. मसुदा बहुधा पहिला किंवा दुसरा सचिव करी आणि सही प्रमुखाची होई. ट्रंकेतली पातळ कागदावरची प्रत आणि दिल्लीतल्या फाइलमधला अहवाल शब्दशः जुळला, तर लेखन आजोबांचं असावं याला बळकट आधार मिळेल. आडनावानं शोधायचंच असेल तर इंग्रजीतली चार-पाच स्पेलिंगं करून बघा. टंकलेखकानं जसं ऐकलं तसं लिहिलेलं असतं. जाताना ओळखपत्र, कामाचा हेतू लिहिलेलं पत्र आणि आधीच उतरवून घेतलेले फाइल क्रमांक न्या. मागितलेल्या फायलींपैकी काही ‘मिळाल्या नाहीत’ म्हणून परत येतात, म्हणून यादी गरजेपेक्षा लांब ठेवा.

सेवापुस्तकावर, म्हणजे खात्यानं ठेवलेल्या नोकरीच्या नोंदवहीवर, भिस्त नको. निवृत्तीनंतर ठरावीक मुदतीनं ते नष्ट करायचा नियम आहे. तरी परराष्ट्र मंत्रालयाकडे माहिती अधिकाराचा अर्ज करून ठेवा. शुल्क १० रुपये, ऑनलाइन अर्जाची मर्यादा ३,००० अक्षरं, उत्तराची मुदत ३० दिवस. ‘आजोबांविषयी माहिती द्या’ असं लिहिलंत तर उत्तर एका ओळीत येईल. चार नेमके प्रश्न विचारा: १९४८ ते १९७३ मधल्या नेमणुकांच्या उपलब्ध नोंदीची प्रत, वैयक्तिक फाइल अस्तित्वात आहे का, अभिलेखागाराकडे पाठवली असल्यास हस्तांतर यादीतला क्रमांक, नष्ट केली असल्यास त्या आदेशाची तारीख. खासगी माहितीच्या कलमाखाली नकार येऊ नये म्हणून मृत्यूचा दाखला आणि नात्याचा पुरावा जोडा. परराष्ट्र संबंधांचं कारण देऊन नकार आला तर ३० दिवसांत पहिलं अपील. वीस वर्षांपेक्षा जुन्या माहितीला बरीच कलमं लागू होत नाहीत, पण परराष्ट्र संबंधांचं कलम त्या सवलतीत येत नाही. म्हणून अर्जात धोरणाविषयी काही विचारू नका, नोकरीविषयीच विचारा.

आता ट्रंक. तीत तीन जातीचे कागद असणार आणि ते वेगळे ओळखता आले पाहिजेत. घरगुती पत्रं, फोटो, डायऱ्या तुमच्या. वरिष्ठांशी ‘डी. ओ.’ म्हणजे अर्धशासकीय पत्रव्यवहाराच्या स्वतःजवळ ठेवलेल्या प्रती ही मधली जात. अशा प्रती ठेवणं त्या पिढीत सर्रास होतं. आणि फाइल क्रमांक, शिक्का, टिपणी असलेला मूळ सरकारी कागद ही तिसरी. १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्यानुसार असा अभिलेख केंद्राच्या परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही, आणि मनाला येईल तसा नष्टही करता येत नाही. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद, १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय १९७२ च्या पुरावशेष कायद्यानं ७५ वर्षं जुना, ऐतिहासिक मोलाचा दस्तऐवजही पुरावशेषात मोडतो आणि खासगी व्यक्तीला तो निर्यात करता येत नाही. आजोबांचे १९४८ ते १९५० चे कागद त्या वयाचे झाले आहेत. आतेभावाला मूळ कागद नको, स्कॅन पाठवा, तेही पहिल्या जातीच्या कागदांचे. ‘सीक्रेट’ शिक्का असलेले कागद वेगळ्या लिफाफ्यात ठेवा, त्यांचे फोटो कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका, यादी करून राष्ट्रीय अभिलेखागाराला लेखी कळवा आणि त्यांचं उत्तर येईपर्यंत पुस्तकात वापरू नका. घाबरून जाळून टाकणं हा सर्वांत वाईट उपाय.

ट्रंक माळ्यावरून आजच उतरवा, पण तळमजल्यावरही ठेवू नका. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीच्या पुरानं काय केलं ते बडोद्याला सांगायला नको. मधल्या खोलीत, बाहेरच्या भिंतीपासून दूर, जमिनीपासून वीतभर उंच. कागद ज्या क्रमानं आणि ज्या गठ्ठ्यांत आहेत तो क्रम मोडू नका. तारखेनुसार लावायचा मोह होईल, आवरा. कोणतं पत्र कोणत्या प्रतीबरोबर बांधलेलं होतं हाच कित्येकदा पुरावा असतो. आधी प्रत्येक गठ्ठ्याचा आहे तसा फोटो, मग प्रत्येक कागदाच्या मागच्या कोपऱ्यात मऊ पेन्सिलनं क्रमांक. गंजलेली टाचणी ओढू नका. तिच्याखाली पातळ प्लास्टिकची पट्टी सरकवा, टाचणीचे पाय उचला, मग काढा. सेलोटेप, लॅमिनेशन, फेव्हिकॉल काहीही लावायचं नाही: लॅमिनेशन उलटवता येत नाही आणि सेलोटेपचा डिंक काही वर्षांत तपकिरी होऊन अक्षरांत उतरतो. डांबरगोळ्यांचा कागदाशी आणि फोटोंशी संबंध येऊ देऊ नका. कसर किंवा वाळवी दिसली तर तो गठ्ठा दुहेरी पॉलिथिनमध्ये हवा काढून बंद करा, उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा, आणि बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण एक दिवस उघडू नका, नाहीतर दव कागदावर उतरेल. अल्बममधले फोटो उकलू नका. पूर्ण पानाचं स्कॅन करा, कारण पांढऱ्या शाईतली ओळ पानावर आहे, फोटोवर नाही. टाइप केलेल्या कागदाला ३०० डीपीआय पुरे, फोटोला ६००. यापलीकडचं काही वाटलं, म्हणजे बुरशी, चिकटलेली पानं, तर स्वतः हात घालू नका. सयाजीराव विद्यापीठात १९५२ पासून म्युझिऑलॉजीचा विभाग आहे; सल्ला विचारायला ती जागा घरापासून रिक्षाच्या अंतरावर.

हे सगळं सावकाश चालेल, आत्यांचं काम मात्र याच महिन्यात करा. एका बैठकीत तासाभराहून जास्त नको. ‘आजोबा कसे होते’ हा प्रश्न शेवटी ठेवा. आधी घराचा पत्ता, शाळेचं नाव, बोटीचं नाव, स्वयंपाकी कोण, कोणत्या सणाला भारतीय मंडळी घरी जमत, आजी पाहुण्यांना काय वाढत, हे विचारा. वकिलातीच्या अधिकाऱ्याच्या पत्नीनं बिनपगारी केलेलं काम कोणत्याही राजपत्रात नाही, आणि ते आत्यांखेरीज आता कोणी सांगणारं नाही. अल्बमची छापील पानं समोर ठेवा, मूळ अल्बम नको. ध्वनिमुद्रण करा आणि सुरुवातीला तारीख, ठिकाण, दोघींची नावं बोलून घ्या.

पुस्तक झाल्यावर कागदांचं काय, हा प्रश्न भावंडांत आत्ताच काढा. दिल्लीत तीन मूर्ती भवनातलं प्रधानमंत्री संग्रहालय आणि ग्रंथालय अशा खासगी संग्रहांना जागा देतं; माजी परराष्ट्र सचिव सुबिमल दत्त आणि आप्पासाहेब पंत यांचे कागद तिथेच आहेत. द्यायचं ठरलं तर तोंडी बोलण्यावर देऊ नका. लेखी करारात चार गोष्टी हव्यात: देणगी की ठेव, कोणते कागद किती वर्षं बंद ठेवायचे, छापण्याचा हक्क कुणाकडे, आणि वारसांना स्कॅनची प्रत. सोबत तुमची क्रमांकवार यादी जोडा आणि तिच्या प्रत्येक पानावर त्यांची पोच घ्या. वारसांपैकी एकाचीही सही राहिली तर संस्था व्यवहार लांबवते, तेव्हा आतेभावाचं संमतीपत्र अमेरिकेतून आधीच मागवा.